दोन फेब्रुवारीची अर्धी लाकडं

८ जानेवारी

शून्याखाली एकवीस! मागच्या दाराची कडी हाताला चिकटली. दारापासून लाकडांच्या शेडपर्यंत तेरा पावलं – तेवढ्यात नाकातले केस गोठतात.

रविवारी जॅनिस येऊन गेली. नणंद म्हणून वाईट नाही. पण बोलते ती कोट न काढता, उभ्या उभ्या. म्हणाली, "बाबा नोव्हेंबरात बर्फावर पडले. पुढच्या वेळी खुबा मोडेल. तू लायब्ररीत गेलीस की दिवसभर एकटे. शेगडीत लाकूड कोण घालणार?" मी म्हटलं, मी घालते, दुपारी येऊन जाते. ती म्हणाली, "डॅरेल होता तेव्हा गोष्ट वेगळी होती."

होतीच वेगळी. मार्चमध्ये गेला डॅरेल. हे मी तिला कशाला सांगू, तिचाही भाऊच होता.

शेवटी ठरलं ते असं – दोन फेब्रुवारीपर्यंत बघायचं. त्या दिवशी शेडमध्ये निम्मी लाकडं शिल्लक असली, घर उबदार असलं, तर बाबा इथंच राहतील. नाहीतर खाली गावातल्या वृद्धांच्या घरी. सगळा डोंगर याच दिवशी हिशेब धरतो – दोन फेब्रुवारीला अर्धा चारा, अर्धी लाकडं. ज्याच्याकडे अर्धी नाहीत त्याचा हिवाळा लंगडा.

बाबा सगळं ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "माझ्या पोरीनं मला लाकडात मोजलं. बरं झालं, किलोवर नाही मोजलं."

९ जानेवारी

शेडमध्ये जाऊन बघितलं. बाबांनी भिंतीवर खडूनं अर्ध्याची रेघ ओढलेली असते, दर वर्षी. या वेगानं जाळलं तर रेघेच्या खाली जाऊ – वीतभर तरी.

कारणही मला माहीत आहे. मार्चमध्ये घर माणसांनी भरलं होतं. तीन आठवडे येणंजाणं, दार सतत उघडं, एप्रिल निम्मा होईपर्यंत थंडी. यंदाच्या वाट्याची लाकडं तेव्हाच गेली. डॅरेलच्या माणसांना ऊब द्यायला डॅरेलनंच फोडलेली लाकडं!

१० जानेवारी

बाबा आठ वाजता झोपायला गेले. मी शेगडी भरली आणि हवेची कळ जवळजवळ पूर्ण दाबली – हवा कमी की आग मंद. सकाळी निम्मं लाकूड तसंच, खाली निखारे. एका रात्रीत चार ढलपे वाचले!

१४ जानेवारी

रोज दाबते आहे. सकाळची मोठी आगही बंद केली. बाबांची पद्धत – उठल्या उठल्या कळ पूर्ण उघडायची, वीस मिनिटं दणकून आग, मग कमी करायची. धुराडं त्यानं साफ राहतं म्हणतात. वीस मिनिटांत किती लाकूड जातं ते मी बघते ना. ते उठायच्या आत मी सगळं आटपून ठेवते.

आज शेगडीसमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "शेगडीच्या दाराची काच काळी पडलीये."

"हो का?"

"धूर जड निघतोय. वर जात नाही, अंगणात बसतो. लाकूड ओलं आहे का गं पोरी?"

मी म्हटलं, "असेल एखादं."

सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. सासऱ्याशी खोटं बोलताना कान तापले.

१५ जानेवारी

आजही दाबली.

१९ जानेवारी

बर्फ पडतंय, लायब्ररी बंद. दिवसभर आम्ही दोघं आणि शेगडी. बाबांनी पायमोजे रफू केले, मी वाटाण्याचं सूप शेगडीवरच ठेवलं. एकदा मी दार उघडून फार वेळ आत बघत राहिले तर म्हणाले, "ती शेगडी आहे, आजारी गाय नाही. इतकं वाकून बघू नये."

हसले मी. किती दिवसांनी.

बघत होते ते वेगळंच. एका ढलप्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव होते. गाठ आली की डॅरेल चिडायचा, पण ओंडका बाजूला टाकायचा नाही. तीन घावांत फोडायचाच. ढलपा हातात घेऊन बसले होते. मग घातला आत. काय करणार, लाकूड ठेवून थोडंच घेता येतं?

मला खरं विचारलं – इथं लिहायला हरकत नाही – तर बाबांना इथं ठेवायचंय ते त्यांच्यासाठी. या घरात ते जन्मले. त्यांचा हात लागला नाही असा एक खिळा नाही या घरात. तिथं खाली, खिडक्या न उघडणाऱ्या खोलीत, भिंतीतून येणारी ऊब – ते महिनाभर जगायचे नाहीत. हे मी डॅरेलला मनातल्या मनात कबूल केलंय. म्हातारा इथंच राहील.

२४ जानेवारी

मोजलं. रेघेच्या वर! चार बोटं वर! नऊ दिवस उरले.

खोकला येतो आहे मला सकाळचा. धुराचाच असणार.

२७ जानेवारी

आज जे झालं ते लिहूनच ठेवते.

सकाळी सहाला जाग आली ती आवाजानं. जसं घरावरून काहीतरी प्रचंड धावत चाललंय – आणि जातच नाहीये. नळकांडं लाल झालेलं. बाबा शेगडीसमोर उभे, काठी टाकून. माझ्याआधी उठून त्यांनी कळ उघडली होती, दणकून आग केली होती. वास सहन होईना म्हणून. आणि धुराड्यात साचलेलं काजळीचं डांबर सगळं पेटलं!

ते ओरडले नाहीत. शेगडीचं दार बंद केलं, कळ दाबली, म्हणाले, "कोट घाल. बाहेर. एव्हरेटला फोन कर." मी पाण्याची बादली उचलली तर हातावर फटका मारला – "पाणी नाही! धुराडं फुटेल!"

बाहेर आलो. धुराड्याच्या तोंडातून ठिणग्या, माणूसभर उंच ज्वाळा. बाबांच्या पायात नुसत्या सपाता. मी माझ्या शालीत त्यांचे पाय गुंडाळले, बर्फात बसून.

एव्हरेट खालच्या वळणावर राहतो. गावाचा अग्निशमन गट म्हणजे तो आणि आणखी सातजण. अकरा मिनिटांत आले. छपरावर चढून पावडरच्या पिशव्या वरून सोडल्या. तासाभरात विझलं. घर वाचलं. धुराड्याच्या आतली मातीची नळी मात्र वरपासून खालपर्यंत तडकली.

एव्हरेटनं आरसा धरून आत बघितलं. मग शेगडीवर थाप मारून बाबांना म्हणाला, "ऑरिन, यातून इतकं डांबर निघालं की तुझ्या दारापासून चर्चपर्यंत रस्ता होईल! रात्ररात्र कोण गळा दाबत होतं हिचा?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं.

बाबा म्हणाले, "मी. थंडी वाजायची, रात्री उठून बंद करायचो. सकाळी विसरायचो."

एव्हरेटनं आरसा खाली ठेवला. चाळीस वर्षं तो याच माणसाकडून शेगडी कशी चालवायची ते शिकला. मग हळूच म्हणाला, "होतं असं, वय झालं की."

आणि मी तोंड मिटलं.

२८ जानेवारी

जॅनिस काल दुपारीच आली. या वेळी कोट काढला. बाबांच्या गुडघ्याशी बसून रडली. "बाबा, तुम्ही जळून मेला असतात. हॉली मेली असती." बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "खरं आहे. मी खाली गावात जातो, शब्द दिला तुला."

मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं. तू खूप केलंस. पण त्यांचं डोकं आता चालत नाही, ते तूच बघितलंस."

मी मान हलवली! तिला वाटलं, पटलं मला.

३० जानेवारी

विजेचे दोन हीटर आणलेत. खोली तापते, भिंती नाही.

बाबा नेहमीसारखेच. कॉफी करतात, वर्तमानपत्रातलं कोडं पुरं करतात – पेनानं! डोकं चालत नाही म्हणे. मी समोर बसून बघते. सांगायला हवं. आज सांगते, उद्या सांगते. सांगितलं तर काय होईल? जॅनिस म्हणेल, म्हातारा नाही तर तू धोक्याची. म्हणेल, घर तुझ्या हाती कसं सोपवू.

आणि एक आणखी आहे, तेही लिहून टाकते. परवा क्षणभर हलकं वाटलं होतं. सुटले, असं. उद्या तेरा पावलं चालायची नाहीत, पहाटे उठायचं नाही, रात्री त्यांच्या खोकल्याला कान लावून पडायचं नाही. फक्त क्षणभर. पण वाटलं.

२ फेब्रुवारी

शेडमध्ये गेले. रेघेच्या वर. चांगली तीन बोटं वर.

कुणी बघायला आलं नाही.

४ फेब्रुवारी

सांगितलं.

बाबा दाढी करत होते. मी मागून म्हटलं, "कळ मी दाबत होते. रोज. लाकडं पुरावीत म्हणून. तुम्ही नाही."

आरशातूनच माझ्याकडे बघितलं. वस्तरा थांबवला नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या रात्रीपासून. माझी खोली भिंतीपलीकडे आहे, पोरी. ती शेगडी घोरायची थांबली की मला जाग येते."

"मग बोलला का नाहीत? मला! एकदा तरी!"

"वाटलं, काच काळी बघून उघडशील. चुकलंच माझं. दार ठोठावून सांगायला हवं होतं." वस्तरा धुतला, टॉवेलानं पुसला. मग म्हणाले, "एव्हरेटनं विचारलं तेव्हा तू कागदासारखी पांढरी पडलीस. माझं काय, माझी अब्रू म्हातारी झालीये, तिला थोडं खरचटलं तर चालतं."

मी रडले. ते तिथंच उभे राहिले, गालावर साबण तसाच.

५ फेब्रुवारी

जॅनिसला फोन केला. सगळं सांगितलं, न थांबता. 

मग म्हणाली, "तू मूर्ख आहेस, हॉली." आणि थोड्या वेळानं, "मी दोन फेब्रुवारीचं बोलले नसते तर तू दाबली असतीस का?" उत्तराला न थांबता म्हणाली, "एव्हरेटला स्टीलचा पाइप बसवायला सांग. राहू देत बाबांना. वसंतात बघू."

पळतच गेले बाबांकडे. ते कपाट आवरत होते. गरम शर्ट एका ढिगात, बाकीचे एका ढिगात. म्हटलं, "राहू दे ते! जॅनिस हो म्हणाली!"

"मी तिला शब्द दिलाय."

"ती सोडतेय तुम्हाला त्यातून!"

"ती सोडतेय. मी नाही." आणि मोजे जोडीनं गुंडाळायला लागले.

७ फेब्रुवारी

विश्वास उडाला आहे त्यांचा. दुसरं काय? ज्या बाईनं त्यांचं घर पेटवलं, तिच्या हातच्या आगीशेजारी कोण झोपेल. वरून गोड बोलतात. तेच जास्त लागतं.

९ फेब्रुवारी

एव्हरेटनं पाइप बसवला. बाबा खालून सूचना देत होते, एव्हरेट वरून ओरडला, "ऑरिन, तुला खाली गावात नेताहेत हे ऐकून मला वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत!"

तो गेल्यावर बाबा खुर्चीत बसले. दोन्ही हात मांडीवर. म्हणाले, "पेटव."

मी काटक्या रचल्या, वर दोन बर्चचे ढलपे, मग मेपलचे. धूर घरात आला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी पुन्हा रचलं. कळ उघडली, ऐकत राहिले, थोडी कमी केली, पुन्हा ऐकलं. काच स्वच्छ झाली. एक शब्द बोलले नाहीत! चार तास. मी विचारलं, "बरोबर आहे का?" तर म्हणाले, "मला काय विचारतेस? तुझी शेगडी."

किती कठोर वाटलं ते.

१० फेब्रुवारी

पुन्हा तसंच. मी पेटवते, ते बघतात.

११ फेब्रुवारी

आज बघितलंही नाही. खुर्चीतच झोपले, तोंड उघडं टाकून.

१३ फेब्रुवारी

सोडून आले. खोलीची खिडकी उघडते, बघितली मी.

कचेरीतल्या बाईंना विचारलं, पंधरा दिवसांत जागा कशी मिळाली, इथं तर लोक वर्षभर थांबतात. त्या म्हणाल्या, "त्यांचं नाव केव्हाचं आहे. दोनदा बोलावलं, दोनदा नको म्हणाले." सही करायला अर्ज पुढे सरकवला. बाबांचं अक्षर, मोठं, चौकोनी. तारीख गेल्या वर्षीच्या तीन एप्रिलची – डॅरेलला जाऊन तीन आठवडे झाले होते.

'कधी यायचे आहे?' यापुढच्या रेघेवर लिहिलं होतं: सुनेला घरात एकटीला राहता येईल तेव्हा. तोवर तिला सांगू नये.