खिडकीतलं काळ्या पानांचं ऑर्किड

आई, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक रोप आहे आणि त्याच्या घोराने मला धड झोप लागत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुझ्यापेक्षा म्हातारा आहे. पण हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर हसतील. रोपाचं नाव ऑर्किड. लोक ऑर्किड फुलांसाठी ठेवतात, ही जात मात्र पानांसाठी ठेवायची. पान काळपट, जांभळ्याकडे झुकणारं, हाताला मखमलीसारखं, आणि त्यावर तांब्याच्या तारेसारख्या बारीक रेघा. उजेड पडला की त्या रेघा चमकतात. शेजारीण मला मामा म्हणते, तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, ह्याला फळ न्हाई, नुसता पाला. भाजी तरी व्हती का ह्याची?"

रोप आणलं माझ्या मुलीने. ती पुण्यात नोकरी करते, आणि तुझी सून गेल्यापासून मी इथे दौंडला एकटा असतो. हिवाळ्यात एकदा मी गॅसवर दूध ठेवलं, दाराला कुलूप लावलं आणि स्टेशनवर जाऊन बसलो. सगळी नोकरी रेल्वेत गेली, पाय अजून तिकडेच वळतात. परत आलो तर शेजारणीने कुलूप फोडून गॅस बंद केलेला आणि सगळी गल्ली माझ्या दारात उभी. कळल्यावर मुलगी धावत आली. "आबा, बास झालं. पुण्याला चला." मी नाही म्हणालो. घर आहे, बँक इथे आहे, ओळखीची माणसं आहेत. ती चिडून गेली आणि पुढच्या खेपेला हे रोप ओट्यावर ठेवून म्हणाली, "पावसाळा लागेपर्यंत हे जगवून दाखवा. जगलं तर मी परत विषय काढणार नाही. मेलं तर मुकाट बॅग भरायची."

मी म्हटलं, "आन् त्यालाच हितं नांदायचं नसंल तर?"

"मग दोघंही या."

हसण्यावारी बोललो, पण मला घोर लागला. तुला माहीत आहे माझा स्वभाव. सातवीच्या परीक्षेच्या धास्तीने मला ताप भरला आणि मी शाळा सोडली ती सोडलीच. रोपाला ऊन नको, नुसता उजेड हवा. कुंडीत माती नाहीच, नारळाचा भुसा, झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा. हे वरून सुकलं की मगच पाणी, पानांवर थेंब नको. दौंडच्या उन्हाळ्यात हे कसं व्हायचं? मी दिवसातून कितीदा तरी बोट घालून ओल बघत असे. दुपारी कूलरची हवा लागावी म्हणून रोप आत न्यायचो, वीज गेली की ओलं फडकं घेऊन जवळ बसायचो.

तरी पानांच्या कडा करपायला लागल्या. तुकतुकीत पान टोकाकडून तपकिरी होई, आणि एक दांडा बुडाशी मऊ पडला. आपल्या शिरूरकडच्या गावात तू विहिरीवरून पाणी आणायचीस. एकदा मी तांब्या विसळून पाणी अंगणात भिरकावलं, तेव्हा तू माझं मनगट धरलं होतंस. "तुझ्या बानं हीर बांधलीया का? जा, कढीपत्त्याच्या बुडात घाल." तेव्हापासून पाणी फेकायला माझा हात उचलत नाही. हल्ली घरात पाण्याचं फिल्टर असतं, पिण्याचं पाणी एका नळीने येतं आणि वाया जाणारं दुसऱ्या नळीने बादलीत पडतं. ते मी जपून ठेवायचो आणि इमानाने रोपाला घालायचो. आमच्या गल्लीत सगळेच तसं करतात. एक दिवस कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर खरवडताना कुंडीच्या काठावर तसाच थर दिसला. मग डोक्यात उजेड पडला. इथल्या बोअरच्या पाण्यातला सगळा खार मशीन त्या बादलीत काढून टाकतं आणि मी तोच त्या नाजूक जिवाला पाजत होतो.

सडका दांडा कापून टाकला. चांगल्या दांड्याचे तुकडे ओल्या भुशावर आडवे ठेवले आणि वर काचेची बरणी पालथी घातली. त्या दिवसापासून रोपाला पिण्याचं पाणी. घालताना दर वेळी वाटायचं, तू मागे उभी आहेस आणि आता बोलणार. पण तुकड्यांना पांढरी मुळं फुटली, मग बोटाच्या पेराएवढं नवं पान आलं, त्यावर त्याच तांबूस रेघा. शेजारीण म्हणाली, "मामा, बाळंतपण केलं की वो तुमी!"

जूनअखेर मुलगी आली. रोप हातात घेऊन फिरवून बघितलं, फोटो काढले. "आबा, तुम्ही जिंकलात. राहा इथे, आता मी काही बोलणार नाही." आणि शब्दाला जागली. दर रविवारी फोन येतो. जेवण, गोळ्या, गुडघा, रोप, सगळं विचारते. तेवढं एक विचारत नाही.

तुला न्यायला मी गावी आलो होतो ते आठवतं. चुलीपुढे बसून तू म्हणालीस, "माज्या कोंबड्या कोण बघंल?" मी चहा पिऊन दुपारच्या एसटीने परत फिरलो. मला ते खरंच कोंबड्यांचं वाटलं होतं. आता बसल्या बसल्या विचार करतो, मी अजून एकदा म्हणालो असतो तर तू उठली असतीस का? तू सांगणार नाहीस, आणि जिवंत असतीस तरी सांगितलं नसतंस.

मी दमलोय, आई. एका माणसाची भाजी करायला दमतो. संध्याकाळी गाड्यांचे भोंगे ऐकू येतात आणि कुलूप लावलं की नाही, गॅस बंद केला की नाही, हे बघायला मी पुन्हा पुन्हा उठतो. हे पत्र कुणाला टाकायचं नाही म्हणून लिहितो: गेला आठवडाभर मी रोपाला पाणी घातलं नाही. विसरलो नव्हतो. म्हटलं, हे वाळू दे, मग मुलगीच आपणहून म्हणेल, पुण्याला चला. काल पानं खाली मान घालून पडली, रेघांची चमक गेली, आणि मला बघवेना. आज उठल्या उठल्या पेलाभर पाणी घातलं. दुपारपर्यंत पानं सावरली.

म्हणजे आता तोंडानेच सांगावं लागणार. रविवारी फोन आला की सांगेन म्हणतो. मागच्या रविवारीही असंच म्हणालो होतो.