वाळवीला दिलेला शर्ट

१४ जून
खुलताबादच्या उतारावरच्या खोलीत आज सामान लावलं. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन, दारात लिंब. वाळूजच्या खोलीपेक्षा हवा फार चांगली. संस्थेच्या मृण्मयी मॅडमनी काम नीट समजावलं. समोरच्या दोन एकरांत पूर्वी श्रावणात वाळवीच्या वारुळांवर टोपल्या भरून खायच्या भुईछत्र्या निघायच्या. गेल्या भादव्यातल्या पुरानं वारुळं वाहून नेली, वर गाळ बसला. वाळवी परतली तर छत्र्याही परततील, म्हणून वाळवीला खाऊ घालायचं. अशा कामाचा पगार मिळतो हे माझ्या यजमानांना कळलं असतं, तर हे आठवडाभर हसले असते.

शेजारी जैतुनबी राहते, सत्तरीची. माझी पुस्तकांची पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, ही पण वाळवीसाठीच आणली व्हय.

२० जून
खड्ड्यांची रीत जैतुनबीनं दाखवली. हातभर खोल खणायचं, कापसाच्या पऱ्हाट्या, भुसकट आणि शेण भरायचं, वर जिवंत वारुळाची ओंजळभर माती. तिनं दोन गोष्टी बजावल्या. पहिली छत्री तोडायची नाय. अंगावरचा कपडा खड्ड्यात घालायचा नाय. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, वाळवी खाते तेच वर काढते, अन् कपड्यात माणूस लई दिवस राहतो. मी म्हटलं, वाणसामानाच्या पुड्यांपासून वाचत आले, असं कुठं वाचलं नाही. ती म्हणाली, लिहिणाऱ्यांनी खड्डे खणले नसतील.

३ जुलै
सतरा खड्डे भरले. अठराव्याला पऱ्हाट्या पुरल्या नाहीत. ट्रंकेतला यांचा कंपनीचा निळा शर्ट आठवला. पुरात मोटारसायकल सापडली, हे सापडले नाहीत. अग्नी द्यायला काही हाती आलंच नाही. दहा महिने तो शर्ट उलगडते आणि परत घडी घालते. सुती आहे, वाळवीला चालेल. खड्डा थोडा लांबवला, बाह्या पसरून शर्ट ठेवला, माती लोटली. बरं वाटलं. जैतुनबीला सांगितलं नाही.

२२ जुलै
सतरा खड्ड्यांवर काही नाही. अठराव्यावर छत्र्या आल्या, पांढऱ्या, बोटभर उंच. मॅडमना फोटो पाठवला, त्या खूश झाल्या.

मग उभी राहून पाहिलं. खांदे दिसतात. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत. गळ्याशी कॉलरची रांग. कमरेशी सगळं संपतं. वास छत्रीचा नाही, मशीनच्या तेलाचा आहे. हे पाळीवरून घरी आले की यायचा तो.

२४ जुलै
डावी बाही कोपरात वाकली आहे. परवा सरळ होती.

जैतुनबीनं पाहिलं. ओरडली नाही. त्याचं आणखी काय ठेवलंस, एवढंच विचारलं. पँट, म्हटलं. आजच जाळ म्हणाली. अर्धा आहे तोवर जागेवर आहे, असंही म्हणाली.

२५ जुलै
चुलीपुढं पँट मांडीवर घेऊन बसले. काडी ओढवेना. हे सापडले नाहीत, एवढंच मला ठाऊक आहे. काडी लावली की हे गेले. माझ्या हातानं गेले.

पँट पुन्हा ट्रंकेत ठेवली. कुलूप लावलं.

२८ जुलै
ट्रंकेचा तळ गंजून चाळण झालाय. खालून वाळवीची मातीची नळी चढलेली. पँट नाही. बटण आणि चेन तेवढी राहिली.

शेतात अठरावा खड्डा मोकळा. कुणी छत्र्या तोडल्या म्हणावं तर देठ राहिले असते. देठ नाहीत.

२९ जुलै
लिंबाखाली दोन छत्र्या. पावलाच्या अंतरावर पुढं दोन. मग आणखी दोन — तोंड दाराकडं.

जैतुनबी म्हणते, उठ, माझ्या घरी चल, मागं वळून बघू नको. ट्रंक इथंच राहू दे म्हणते. मी पायरीपर्यंत गेले. पुढं नाही —

३० जुलै, सकाळ
उंबऱ्याच्या आत दोन.

तेलाचा वास. भीती वाटते. पण दहा महिने हे एकटे, गाळात —

जैतुनबी दार वाजवतेय. कडी लावली आहे.

दुपार
खोलीभर आहेत. हे आडवे झालेत, कुशीवर. डावी बाही पसरलेली, मी तिच्यावर डोकं ठेवायची तशी. एकही तोडली नाही.

बाहीशेजारची जमीन खणली. माझ्या उंचीएवढी. लग्नातला हिरवा शालू काढला. नुसता शालू खड्ड्यात घालून भागायचं नाही, कपडा अंगावरचा लागतो. म्हणून नेसले आणि —