फारकतीच्या बैठकीची तयारी

सोमवार, ६ जानेवारी. सकाळ.
रविवारी आमच्या ओट्यावर समाजाची बैठक. मुलगा हेमराजची फारकत, म्हणजे काडीमोड, उरकायची. सून स्वप्नाली नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, मोटारसायकलवर बसत नाही. तिथं दुखतं म्हणते. कुठं, ते मी लिहिणार नाही. डॉक्टरने तपासलं, काही दिसत नाही म्हणाला. म्हणजे नाटक. हेमराज गप्प असतो, म्हणजे माझ्या बाजूचा आहे. मी अगदी शांत आहे. बीपीची गोळी चुकून दोनदा घेतली.

मंगळवार, ७ जानेवारी.
नाशिकच्या कॉलेजातली ममता नावाची पोरगी गावात आली आहे. बायकांच्या त्याच दुखण्यावर रिसर्च करते. ओट्यावर बसून तिने त्या जागेचं नाव घेतलं. मोठ्याने. मी खोकलो. शेजारचा पितांबर तंबाखू मळता मळता थांबला. ती म्हणते, वर्षानुवर्षं दुखतं, बाहेरून दिसत नाही, बायका सांगत नाहीत. बसणं-उठणं, शेतातलं काम, संसार, सगळ्यावर काय परिणाम होतो ते तिला विचारायचं आहे.
मला एकदम आयडिया सुचली. सुनेत खोट आहे असं हिच्याकडून लिहून घ्यायचं आणि बैठकीत ठेवायचं. सातवी पास आहे, पण डोकं चालतं.

बुधवार, ८ जानेवारी. दुपार.
मी घरचा कर्ता, आधी माझी मुलाखत घ्या, असं ममताला सांगितलं. तिने विचारलं, बाबा, तुम्हाला तिथं दुखतं का? आत माझी बायको धनुबाई हसली. हसण्यासारखं काही नव्हतं.
मग ममता स्वप्नालीशी बोलली. दार लावून. नंतर मी कागद मागितला. नाही म्हणाली. कोण काय बोललं ते ती कोणालाच सांगत नाही म्हणे. वर मलाच समजावलं, ही खोट नव्हे, यावर इलाज होतो.
ठीक आहे. दुसरा प्लॅन. धनुबाईला आत ममताकडे पाठवलं. सून काय बोलली ते गोडीने काढून आण, म्हटलं.

संध्याकाळ.
धनुबाई सुनेपेक्षा जास्त वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. काय कळलं विचारलं. बरंच, म्हणाली. म्हणजे पुरावा हाती आला. आता बैठकीतच ऐकू, जास्त वजन पडेल.

शुक्रवार, १० जानेवारी.
भाषण पाठ आहे. हेमराजने विचारलं, बाबा, आधी मोठ्या डॉक्टरला दाखवू का? मी ओरडलो. समाजाचे पंच नवलसिंग पाटलांना निरोप गेला आहे, आता काय बैठक मोडायची? स्वप्नालीने आपले कपडे बॅगेत भरले. कोणी सांगितलं नव्हतं. मी शेतात निघून गेलो. कापूस बघायला.
धनुबाई माझ्याशी बोलत नाही. तीही भाषणाच्या तयारीत असेल.

रविवार, १२ जानेवारी.
बैठक झाली. सुरुवात मी जोरदार केली. असलं दुखणं असलेली बाई संसाराला कामाची नाही, इथपर्यंत आलो, तेवढ्यात धनुबाई पदर सावरत ओट्यावर आली. बैठकीत बाई येत नाही. ती आली.
म्हणाली, मंग माले बी फारकत द्या. मन्हं बी तेच दुखनं शे. हेमराजना जनम व्हयना तवपासून.
मी म्हटलं, मला कधी बोलली नाहीस.
म्हणाली, तुम्हीन कव्हय इचारं?
नवलसिंग पाटील खाली बघून चपला शोधू लागले. पितांबर म्हणाला, उखाभाऊ, आते कोनकोनी फारकत करानी? कोणीतरी हसलं. हेमराज उठून आईशेजारी जाऊन उभा राहिला. बैठक उठली. माझं अर्धं भाषण राहिलं.

सोमवार, १३ जानेवारी.
ममताने सांगितलेल्या डॉक्टरकडे हेमराज दोघींना घेऊन गेला. मीही टोपी घालून तयार होतो. कर्ता माणूस सोबत हवा. धनुबाई म्हणाली, तुम्ही घरच ऱ्हा. कापूस वेचनारीसले च्या करा.
एकंदरीत प्रकरण मीच मिटवलं, असं म्हणायला हरकत नाही.
चहा केला. साखर कुठे असते कळेना, म्हणून गूळ टाकला. वेचणाऱ्या बायका मुकाट्याने प्यायल्या. कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे फक्कड झाला असणार. मग माझा कप तोंडाला लावला. दूध फाटलेलं होतं.