मानेची गोळी

३ जुलै
रत्नप्रभाची मान आखडली म्हणून डॉक्टरांनी स्नायू सैल करणारी गोळी दिली. आठवड्यात मान मोकळी. मग गणपतीला दोघं मालवणला. तिकिटं मीच काढणार.

११ जुलै
मान वळते. पण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नाहीत. लग्नापासून पहिल्यांदा. विचारलं, तर मलाच म्हणाली, तिखल्यात कधी तिरफळं घालतात काय हो? गुंगी असणार.

१२ जुलै, सकाळी
गोळ्यांसोबतचा कागद भिंग लावून वाचला. गुंगी, चक्कर, तोल जाणे, वयस्करांमध्ये गोंधळ. गोंधळ छापील आहे. फार दिवसांनी दोन कप चहा प्यालो. लेकीला, जान्हवीला, फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, गेल्या दिवाळीत आई माझं नाव विसरली, तेव्हा कुठे होती गोळी? तिच्या बोरिवलीला नेटवर्क फार खराब. फोन ठेवला.

१६ जुलै
सकाळी रत्ना घरात नाही. नाक्यावर सापडली. पूर्वी आरेच्या दुधाचा स्टॉल होता तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्या बंद शटरपुढे पिशवी घेऊन उभी. रांगेत ती एकटीच. म्हणाली, मागे उभे राहा, मध्ये घुसू नका. मी मागे उभा राहिलो. गुंगीतल्या माणसाशी वाद घालू नये म्हणून. बराच वेळ राहिलो.

१८ जुलै
डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, गोळी बंद करू, पण एकदम नाही, कमी करत न्यायची. शिवाय मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. राहू दे खिशात. आधी गोळी तर संपू दे.

२० जुलै
पुरावा हवा म्हणून रत्नाची एक गोळी मी घेतली. खुर्चीतच झोप. डाळ करपली. उठताना तोल गेला, टीपॉयवर आपटलो, गुडघा सोलला. तरी जिंकलो. जान्हवी आल्या आल्या ओरडली. दुसऱ्याची गोळी घेतं का कुणी? तुम्ही कायमचे पडला असतात तर तिला कोण बघणार होतं? मी करपलेलं पातेलं दाखवलं. जाग आल्यावर मला तारखेपासून सगळं आठवत होतं, हे सांगितलं नाही.

२ ऑगस्ट
आज शेवटची अर्धी गोळी. अंगातून उतरायला वेळ लागणारच. पंधरा दिवस धरू. हे मीच ठरवलंय.

१९ ऑगस्ट
मान अगदी मोकळी. दुपारी सोफ्यावर बसून इकडेतिकडे वळून घर बघत होती. म्हणाली, छान आहे हो तुमचं. एकटेच राहता?

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. ती गोळी पुन्हा सुरू करता येईल का, विचारलं. त्यांनी विचारलं, मान दुखतेय का त्यांची? नाही म्हणालो. मग कशाला?

मी म्हटलं, गोळी चालू होती तेव्हा बरं होतं.