आधी टाचा बघ

आई, परवा पलूसच्या अलीकडं मी एका माणसाला भर रस्त्यात बूट काढायला लावले. तुझ्याच शिकवणीनं, म्हणून तुला सांगतेय. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही.

तिकडं पलूसकडं कृष्णेला पूर आलाय. आपल्या कोरेगावच्या गल्लीतल्या बायकांनी पहाटेपासून ज्वारीच्या भाकरी बडवल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, धुतलेल्या लुगड्यांत गठुडी बांधली आणि ती पोचवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी साताऱ्याहून रजा टाकून आलेली. का, तर म्हणे, “मॅडम कुणाला फसायच्या न्हाईत.” बघ, तुझं नाव राखलंय की नाही? गाडी गल्लीतल्याच एका पेन्शनीत निघालेल्या फौजीची, चालवायलाही तोच. निघालो झकास, पण कराडच्या पुढं जी रांग लागली ती हलायचं नाव घेईना. पुढं एका रस्त्यावरून पोलिसांनी परत फिरवलं, दुसऱ्यावर बाभळ आडवी. हवा दमट, वरून ताडपत्री. मी सारखी उतरून गठुड्यांत नाक खुपसत होते. उबट वास सुटला असता तर सगळ्या गल्लीचे कष्ट मातीत गेले असते, आणि ज्यांच्यासाठी निघालो ती माणसं उपाशी ती उपाशीच राहिली असती. त्यात मोबाईलवर दर घटकेला नवा निरोप येत होता: रस्त्याकडेचे लोक गाड्या अडवतात, पूरग्रस्त म्हणून सांगतात, माल उतरवून घेतात, आतल्या वस्त्यांना काही मिळत नाही.

आणि अशात तो आला. शेताच्या बांधावरून चालत, थेट गाडीपुढं. अंगावर कडक इस्त्रीचा सफारी, पायात काळे बूट. जणू वरातीतूनच उठून आलेला. “आवं ताई, फुडं रस्ता न्हाई. पानी हाय. आमची वस्ती आत हाय, शाळंत बसल्यात सगळी. कालपास्नं पोटात काय न्हाई. हितनं आत घ्या गाडी.” फौजीनं माझ्याकडं बघितलं. मी त्या इस्त्रीकडं बघितलं. घरात पाणी शिरलेला माणूस इस्त्री कधी करतो गं? मला तर त्याचा आवाजही पाठ केल्यासारखा वाटायला लागला.

तेव्हा तू आठवलीस. बाबा फौजेत, घरात तू एकटी बाईमाणूस, नि दारात रोज कुणी ना कुणी उभं. मी लहान आहे, उंबऱ्यात बसलेय, आणि अनवाणी देवाला निघालोय म्हणणाऱ्या एका भगव्या कपड्यातल्या माणसाच्या झोळीत मी ओंजळभर जोंधळा ओतते. तू चुलीपुढून उठून येतेस, पिठाच्या हातानं माझा कान धरतेस. “तोंड काय बघतीस त्याचं? तोंड शिकवावं तसं बोलतंय. आधी टाचा बघ! लोण्यावानी हायत्या, आन् अनवाणी आलाय म्हनं!” तो पसार झाला. त्याच आठवड्यात मेंढरामागची एक बाई नुसती पाण्याला थांबली. तिच्या टाचा भेगाळलेल्या. तिनं काही मागायच्या आत तू तिच्या हातावर भाकरी ठेवलीस, वर कांदा फोडून दिलास. तुझ्या आणि तिच्या टाचा सारख्याच होत्या, हे मी तेव्हा बघितलं नव्हतं.

तर मी त्या माणसाला म्हटलं, “बूट काढा.” फौजी चपापला. “मॅडम, जाऊ द्या की.” मी म्हटलं, “काढू देत.” तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला. मग चिखलात खाली बसला आणि एकेक बूट ओढून काढला. आत मोजे नव्हते. टाचा पांढऱ्याफटक, फुगलेल्या, कातडं सुटं झालेलं, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांनी लालभडक मांस. “पोराच्या लग्नातला सफारी हाय,” तो खाली बघूनच म्हणाला. “माळ्यावरच्या ट्रंकंत तेवढाच कोरडा ऱ्हायला. बाकी समदं कृष्णामाईनं नेलं. ह्यो बघून सकाळधरनं एक गाडी थांबंना, ताई. तुमी निदान इचारलं तरी.”

मला तोंड वर करवेना. गाडी आत घेतली. शाळेत खरोखरच माणसं होती, पोरं भिंतीला टेकून गप्प बसलेली. मी गठुडं सोडलं, तर त्यानंच माझा हात धरला. भाकरी मोडून वास घेतला आणि तुकडा माझ्यापुढं केला. “आदी तुमी खावा.” अगं, माझा पारा असा चढला! गल्लीतल्या बायकांनी हात भाजून घेतले, आणि हा आमच्या भाकरीवर संशय घेतो? “राग मानू नगा,” तो म्हणाला, “परवाच्या गाडीतली खिचडी खाऊन पोरं लय वकली.” मी खाल्लं. घास गिळेपर्यंत तो माझ्या गळ्याकडं बघत होता, अगदी तुझ्यासारखा. मगच त्यानं पोरांना हाक मारली.

परत येताना फौजी म्हणाला, “चेकिंग दोन्ही बाजूनं झालं, मॅडम. बरं झालं.” मी हसले, पण मला ते बरं वाटत नव्हतं. तू कधी कुणाला काही काढायला लावलं नाहीस, आई. तुझ्या दारात येणाऱ्यांच्या टाचा उघड्याच असायच्या.

घरी येऊन पाय धुतले तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या टाचा नीट बघितल्या. गुळगुळीत आहेत, मलम लावते ना रोज. तुझ्या दारात मी उभी राहिले असते तर? हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: तुझ्या फोटोखाली बसलेय, उकडतंय, आणि तरी मी पायात मोजे घातलेत.