लाल दिव्याचं मशीन

ता. ४ नोव्हेंबर

ती. बाबांना,
कृ. सा. न. वि. वि.

आईला दवाखान्यातून घरी आणल्याचं आत्यानं कळवलं. दम्याचा असा झटका पुन्हा आला तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, हेही तिनं सांगितलं. तेव्हापासून मी वर्गात फळ्याकडे तोंड करून नुसती उभी राहते. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सगळं नीट लिहिते.

एअर प्युरिफायर घ्यायचाच. दुकानदार आधी सुगंध देणारा दाखवेल, मग हवा ‘ताजी’ करायला कसलासा वायू सोडणारा. दोन्ही आईच्या छातीला घातक. हेपा फिल्टरचाच मागा, बारीक धूळ तोच अडवतो. खोलीला लागेल त्याहून मोठा घ्या, म्हणजे हळू चालवता येईल आणि आवाज होणार नाही. आणि हवा बिघडली की लाल होणारा दिवा त्याला हवाच. आपण अंदाजावर राहायचं नाही बाबा, खरं काय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. आतल्या फिल्टरची प्लास्टिकची पिशवी आठवणीनं काढा. टीव्हीच्या रिमोटची तुम्ही अजून काढलेली नाही.

उशीर करू नका.
तुमची,
मास्तरीण


ता. १५ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालूनच दुकानात गेलो. दुकानदार गुलाबाच्या वासाचं मशीन पुढे करत होता. आमच्या घरात एक पदवीधर आहे आणि तिला वास चालत नाही, असं त्याला सांगितलं. मग आला सरळ. पिशवी काढली. रिमोटचीही काढली, आता तो हातातून निसटतो. तुझी आई कित्येक दिवसांनी आडवी होऊन झोपली.

पण एक लिहायलाच हवं. मी आत गेलो की दिवा लाल होतो. आधी वाटलं, मशीनचं सुतारांशी वाकडं असेल. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेलो, तरी लाल. मग लक्षात आलं. आपल्या खोलीला दार एकच, तेही कारखान्यात उघडणारं. मी दार उघडलं की लाकडाचा भुगा माझ्या मागोमाग आत येतो. काम थांबल्यावर तो खाली बसतो, पण पाऊल टाकलं की पुन्हा उठतो. काम बंद केलं तर औषधं कशावर आणायची?

म्हणून आता मी आत जात नाही. सकाळी आत्या आत शिरते, ती संध्याकाळीच बाहेर येते. मी इकडे फळ्यांवर झोपतो. दिवा दिवसभर निळा असतो. तू निवडलंस ते उत्तमच आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

तब्येतीला जप.
तुझा,
बाबा


ता. २२ नोव्हेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तो दिवा धूळ दिसावी म्हणून मागितला होता, तुम्हाला घराबाहेर काढायला नाही. आत्या सांगते, आई दाराशी येऊन तुमच्याशी बोलते. तुम्हाला तिचे ओठ दिसल्याशिवाय शब्द कळत नाही, आणि बंद दारातून ओठ कसे दिसणार? ती बोलून बोलून दमते आणि परत जाऊन पडते.

कारखाना हलवा. नाहीतर लाकूड घासायचं मशीन तरी अंगणात न्या. शेजारी ओरडतील तर ओरडू देत. आईला इकडे आणलं असतं, पण माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. परीक्षा होईपर्यंत रजा मिळणार नाही असं मुख्याध्यापिका म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, असं मी मुलांना रोज सांगते. बाबा, मला उत्तर सापडत नाही. तुम्ही काहीतरी करा.

पाया पडते.
तुमची लेक


ता. २९ नोव्हेंबर

चि. सोनीस अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. मशीन चांगलं आहे. श्वास लागतो, पण पूर्वीसारखा जीव जात नाही. तरी मी काल ते बंद केलं आणि दार उघडलं.

हे फळीवर बसले होते. मला बघताच दार लोटायला धावले. मी उंबऱ्यातच स्टूल टाकून बसले आणि ह्यांना सांगितलं की तुम्ही दार लावलंत तर मी आतलं मशीन लावणार नाही, बघू कोण आधी दमतं. हे चिडले. बायकोला अक्कल नाही, असं आत्याला म्हणाले. मग खोडसाळपणानं घासायचं मशीन चालू केलं. मी तिथून हलले नाही. मला खोकला आला, तसं ह्यांनी ते बंद केलं, आणि नंतर चालू करायला ह्यांचा हात गेला नाही.

पुढे काय, मला माहीत नाही. अर्धवट झालेली कपाटं तशीच उभी आहेत आणि गिऱ्हाईक रोज विचारून जातं. तूही रागावशील.

आत्ता दोन्ही मशीनं बंद आहेत. घर इतकं शांत आहे की माझ्या छातीतली शिट्टी मला ऐकू येते. ह्यांना ती ऐकू येत नाही, म्हणून ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवलाय. लिहिताना तो हलतो, तेव्हा अक्षर आणखीच बिघडतं.

जमेल तशी ये.
आई