सौंदर्याचा पहिला नंबर

उचगाव, १२ ऑगस्ट २००७

ती. चन्नम्मा अक्कास,
सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही, माफ कर. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

यंदा शाळेत इंटरनेट आलं. शनिवारी नववीची मुलं संगणकावर प्रश्नमंजुषा खेळतात. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याचं नाव पडद्यावर वर राहतं. जूनपासून तिथं सौंदर्याचं नाव आहे. पुढं तिचे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला लागले, घर हललं, तिची शाळा सुटली.

तेव्हापासून हुशार मुलंही शेवटच्या प्रश्नांना चुकू लागली. मी त्यांना आळशी म्हणालो. काल वर्गातल्या सोनमनं सांगितलं, मुलं मुद्दाम चुकतात. नाव खाली सरकलं की सौंदर्या खरोखरच गेली, असं त्यांना वाटतं. हे ओळखायला मला दोन महिने का लागले?

ती तुझ्याच गल्लीत राहते म्हणे. शाळेत जाते का, बघशील? भावोजींना नमस्कार. राग धरू नकोस.

तुझा,
शिवमूर्ती


इचलकरंजी, १७ ऑगस्ट

चि. शिवमूर्तीस,
अनेक आशीर्वाद.

कामापुरती का हुईना, अक्का आठवली. पोरगी घरातच हाय. आई-बाप दोघंबी कामावर, धाकटा भाऊ हिच्या कडेवर. बाप म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष येत न्हाय, माझं शिक्षणबी असंच सुटलं की. मी म्हटलं, शाळेच्या वेळेत धाकट्याला माझ्याकडं सोड. तवा कुठं कबूल झाला. इथली शाळा दाखला मागती. अर्जावर त्याची सही घेऊन सोबत धाडलाय.

तुझ्या पोरांचं सांगितलं तर भडकलीच. म्हणाली, "त्यास्नी सांगा, मला हरवा. सगळी मुद्दाम चुकल्यावर मी कसली पहिली?"

जेवत जा वेळेवर.

अक्का


उचगाव, २५ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्राआधी मीच पोचेन, तरी लिहितो. धाकट्याला सांभाळ, असं मागायचं मला धाडस झालं नसतं.

आज वर्गात तिचा निरोप जसाच्या तसा वाचला. कुणी हसलं नाही. मग मुलं खेळली, खरं खेळली. प्रसेनजीत तिच्या पुढं गेला. टाळ्या पडल्या नाहीत. तो उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तिला तुम्हीच सांगा."

मुख्याध्यापकांनी दाखल्यावर सही केली. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
शिवमूर्ती

उद्या: दाखला घेऊन इचलकरंजीला जाणे, सौंदर्याला तिचा दुसरा नंबर सांगणे.